रेझ्युमेतली कोरी जागा

इंजिनिअरिंगला व्हीएलएसआयच्या पेपरसाठी रंगीत पेन्सिली लागायच्या. डिफ्युजन हिरवं, पॉलिसिलिकॉन लाल, मेटल निळं. लाल रेघ हिरवीला छेदते तिथे ट्रान्झिस्टर. मापं ‘लॅम्डा’त, तंत्रज्ञान बदललं की फक्त लॅम्डाची किंमत बदलायची. हे नियम कुणी बसवले, ते कुणी सांगितलं नाही. परीक्षेला येत नव्हतं ना!

पुढे आईच्या आजारपणात माझं दीड वर्ष गेलं. एका मुलाखतीत त्या गॅपवरून माझी उलटतपासणीच झाली. त्याच आठवड्यात मी प्रा. लिन कॉनवे यांच्याबद्दल वाचलं.

कॉनवे 1964 मध्ये आयबीएममध्ये लागल्या. प्रोसेसरने एका वेळी अनेक सूचना, क्रम बदलून, कशा चालवाव्यात याची पद्धत त्यांनी तिथे शोधली. 1968 मध्ये, त्या लिंगबदल करणार आहेत हे कळल्यावर कंपनीने त्यांना काढून टाकलं. नवं नाव घेऊन कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जुनं काम सांगावं, तर जुनं नाव उघड होणार. म्हणजे रेझ्युमेतली सगळ्यात मोठी कामगिरीच कोरी.

1973 मध्ये त्या झेरॉक्स पार्कमध्ये आल्या. चिप डिझाइन तेव्हा कंपन्यांतल्या मोजक्या तज्ज्ञांच्या हाती होतं. कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांच्यासोबत त्यांनी ते विद्यार्थ्यालाही जमेल इतकं सोपं केलं. ते लॅम्डाचे नियम यातलेच. 1978 मध्ये एमआयटीत त्यांनी हा कोर्स शिकवला. मुलांचे आराखडे अर्पानेटवरून कॅलिफोर्नियाला गेले आणि काही आठवड्यांत खऱ्या चिप्स परत आल्या! 1985 पासून त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. आपला भूतकाळ त्यांनी जाहीरपणे सांगितला तो 1998 मधल्या निवृत्तीनंतर. आयबीएमने माफी मागितली 2020 मध्ये, 52 वर्षांनी. जून 2024 मध्ये त्या गेल्या.

‘जिद्द असेल तर सगळं जमतं’ असं लिहून ही गोष्ट फॉरवर्ड करणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पुढचं यश कितीही मोठं असलं, तरी त्या चार वर्षांच्या कामाचं श्रेय कित्येक दशकं त्यांना घेता आलं नाही. त्यांना बाहेर काढणाऱ्यांना त्याचं काही वाटलंही नसेल. गॅप दिसला की आपण माणसालाच जाब विचारतो. तो कुणामुळे पडला, हे विचारत नाही.

स्वतःसाठी दार बंद झालेल्या या बाईंनी इतरांसाठी मात्र ते उघडलं. अनेकांचे आराखडे एकाच वेफरवर बसवून खर्च वाटून घ्यायची रीत त्यांनी रुळवली. आज मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या चिप्सही अशाच बनतात.