दुसरी गिटार

परवा ‘अल्बाट्रॉस’ ऐकताना मुख्य सूर सोडून दिला आणि त्याच्या जोडीने जाणाऱ्या दुसऱ्या गिटारचा माग काढत बसलो. फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश ब्लूज बँडची ही 1968ची धून. तिला शब्द नाहीत. मिक फ्लीटवुडचे ड्रम दुरून आल्यासारखे, जॉन मॅकव्हीचा बास संथ, आणि त्यावर पीटर ग्रीनची गिटार. रचना ग्रीनची, म्हणून कौतुकही त्याच्याच वाट्याला आलं. पण मध्येच सूर दुहेरी होतो आणि धूनभर जागा मोकळी झाल्यासारखं वाटतं. ही दुसरी गिटार डॅनी कर्वनची. लंडनच्या ब्रिक्स्टनचा अठरा वर्षांचा पोरगा, बँडमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झालेले. बरोबरीने वाजवायचं आणि तरी वरचढ व्हायचं नाही, हे कसब त्या वयात कुठून येतं?

1969च्या जानेवारीत ही धून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली. घरोघरी गेलेल्या त्या तबकडीची मागची बाजू मात्र फारशी कुणी आठवत नाही. तिथे ‘जिगसॉ पझल ब्लूज’ आहे, कर्वनने वाजवलेलं. नावात ब्लूज आहे, पण चाल हसरी, उड्या मारत जाणारी. ती मुळात 1933मधली: जो व्हेनुटीचं व्हायोलिन आणि एडी लँगची गिटार.

एडी लँगपाशी मी नेहमी अडकतो. त्याचं खरं नाव साल्वातोरे मासारो, फिलाडेल्फियातल्या इटालियन कुटुंबातला. व्हेनुटी त्याचा बालमित्र. त्या काळी जॅझच्या ताफ्यात गिटारला फारसा मान नव्हता. आवाज लहान, म्हणून ठेका धरायला बँजो. मायक्रोफोन आला आणि हा लहान आवाज ऐकू येऊ लागला. लँगने त्या संधीचं सोनं केलं. पुढे बिंग क्रॉस्बीसारख्या गायकाची साथ त्याने केली. पण मला त्याची खरी ओढ वाटते ती लॉनी जॉन्सनबरोबरच्या 1928-29च्या गिटार-युगुलांमुळे. जॉन्सन काळा, ब्लूजमधला मोठा वादक, लँग गोरा. तेव्हा अमेरिकेत काळ्या कलाकारांच्या तबकड्या वेगळ्या मालिकेत विकल्या जात. दोघांची नावं एकत्र छापणं कंपनीला सोयीचं नव्हतं, म्हणून लँगचं नाव ‘ब्लाइंड विली डन’ असं छापलं गेलं. डोळस, गोऱ्या माणसाला एका आंधळ्या ब्लूजवाल्याचं नाव! त्या तबकड्या ऐकताना मात्र रंगाची भिंत कुठेच लागत नाही. जॉन्सनच्या बोटांतून एक वाक्य निघतं, लँग त्याखाली स्वरांची बैठक घालत जातो. एक बोलतो, दुसरा त्याला बोलू देतो. 1933च्या मार्चमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर लँग गेला. वय अवघं तीस.

साठच्या दशकात लंडनची तरुण मुलं ब्लूजच्या नादाला लागली, तेव्हा बऱ्याच जणांनी त्याचं सोवळं केलं. शिकागोचा ब्लूज तेवढा खरा, बाकी भेसळ. ती निष्ठा मला समजते. पण सोवळ्यात राहून कुणाचा गळा मोकळा झालेला मी ऐकलेला नाही. कर्वनने लँगही ऐकला होता. ब्लूजच्या घराला पहिल्यापासून अनेक दारं आहेत, हे त्याच्या कानाला ठाऊक होतं. आणि तो काही काठावरून पाहणारा नव्हता. 1969च्या जानेवारीत शिकागोच्या चेस स्टुडिओत बँडने विली डिक्सन, ओटिस स्पॅन, बडी गाय यांच्याबरोबर वाजवलं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये स्पॅनच्या स्वतःच्या अल्बमवर ग्रीनबरोबर कर्वनचीही गिटार आहे. खुद्द ज्यांचा ब्लूज, त्यांच्या पंगतीला तो बसून आला होता.

मग तो पुढे निघाला. त्याच वर्षीच्या ‘देन प्ले ऑन’मध्ये जवळजवळ निम्मी गाणी त्याची. 1970च्या मेमध्ये ग्रीन बाहेर पडला, 1971च्या फेब्रुवारीत बँडचा आणखी एक गिटारवादक जेरेमी स्पेन्सरही सोडून गेला. बँड तगला यात ‘फ्यूचर गेम्स’ आणि 1972च्या ‘बेअर ट्रीज’मधल्या कर्वनच्या गाण्यांचा वाटा मोठा. ती गाणी बारा-बार ब्लूजच्या चौकटीतली नाहीत. त्यांत इंग्लंडचं मळभ आहे, पानगळ आहे. ‘ड्रॅगनफ्लाय’साठी त्याने डब्ल्यू. एच. डेव्हिसची कविता घेतली, ‘डस्ट’साठी रुपर्ट ब्रुकची. ब्लूजच्या वेडातल्या गिटारवाल्याने कवितेचं पुस्तक उघडावं, याचं मला फार अप्रूप आहे.

ब्लूज सुटला तो फक्त साच्यापुरता. ‘सनी साइड ऑफ हेवन’ लावून पाहा. यातही शब्द नाहीत. सूर लागतो, क्षणभर सरळ उभा राहतो आणि मग थरथरू लागतो. तारेवर दाबलेलं डाव्या हाताचं बोट तार आडवी हलवतं, एवढीच ती क्रिया. हजारो वादक ती करतात. कर्वनचा कंप मात्र जलद आणि दाट, रडू आवरणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा. वाजवताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई, असं त्याचे सहकारी सांगत. हा कंप तो ब्लूजकडून शिकला आणि ब्लूजच्या बाहेर घेऊन गेला.

1972च्या अमेरिका दौऱ्यात एका कार्यक्रमाआधी त्याने आपली गिटार आपटून फोडली, मंचावर जायला नकार दिला आणि बँडने त्याला काढून टाकलं. नंतर तीन एकल अल्बम, मग दारू, आजारपण, लंडनमध्ये बेघर अवस्थेतली वर्षं. 2018च्या जूनमध्ये तो गेला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक या शेवटाभोवतीच घुटमळतात. मला ते आवडत नाही. माणसाच्या हालअपेष्टा त्याच्या कामापेक्षा मोठ्या करून सांगणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

फ्लीटवुड मॅक म्हटलं की लोक 1977चा ‘रूमर्स’ लावतात, आणि तो चांगलाच आहे. पण ब्लूजवाल्यांचा एक बँड गाण्यांचा बँड झाला तो त्याच्या आधीच, आणि त्या वाटेवर पुढे चालणाऱ्यांत डॅनी कर्वन होता. ‘बेअर ट्रीज’ एकदा सलग ऐका. घाई न करता, शेवटपर्यंत.