हनोईच्या बोळातले एक क्रियापद

हनोईच्या मध्यभागी होआन किएम नावाचे रम्य सरोवर आहे. त्याच्या उत्तरेस जुन्या पेठांचे जाळे पसरले असून एकेका पेठेस तेथील जुन्या धंद्याचे नाव आहे. इंदुरातील सराफा व बजाजखाना पाहिलेल्यास येथे फारसे परके वाटू नये. अशाच एका बोळात आमच्या कन्येचे बिऱ्हाड आहे.

शेजारच्या वृद्ध बाई उंबरठ्याशी बुटक्या स्टुलावर बसलेल्या असत. दुपारी मी दिसलो की विचारीत, “अन् कम चुआ?” ‘अन्’ म्हणजे खाणे आणि ‘कम’ म्हणजे भात, एवढे मी शिकलो होतो. (‘अन्’चे आपल्या ‘अन्ना’शी नाते जोडण्याचा मोह मलाही झाला, पण तो निव्वळ योगायोग.) बाई जेवावयास बोलावीत आहेत, ताटात काय असेल कोण जाणे, या धास्तीने मी हात हालवून लगबगीने पुढे जाई. चौथ्या दिवशी कन्या म्हणाली, “बाबा, त्या बोलावत नाहीत हो. जेवलात का, एवढंच विचारतात!”

आमच्या लहानपणी ओट्यावरची प्रत्येक आजी हेच विचारीत असे. मी ओशाळलो.

मग या क्रियापदाचा नादच लागला. व्हिएतनामी माणूस नववर्षाचा ‘तेत’ सण साजरा करीत नाही, तो ‘खातो’. लग्नाला जातो तेही लग्न ‘खायला’. छायाचित्रात जो खुलून दिसतो, तो छायाचित्र ‘खातो’. धंदा म्हणजे ‘करणे-खाणे’. बुद्धिबळात आपण मोहरा मारतो, ते खातात. मोटार पेट्रोल खाते व लाचखाऊ लाच खातो, हे मात्र दोन्हीकडे सारखेच! पावसाळ्यात आपल्या पायांना चिखल्या होतात. तिकडे ‘पाणी पाय खाते’. हा शेवटचा प्रयोग मला फार आवडला.

पण त्याच रात्री एक जुनी वही आठवली. आमच्या शाळेतील एका मुलाने निबंधात ‘मी आईची शपथ खाल्ली’ असे लिहिले होते. हिंदीचा संसर्ग म्हणून मी तांबड्या शाईने ‘घेतली’ केले आणि वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. मुले हसली. पुढील वर्षी त्याने मराठी विषय सोडला. दुरुस्ती योग्यच होती. आजही मी तीच करीन. परंतु चुगली खावी, कच खावी, भाव खावा आणि शपथ मात्र घ्यावी, असे का, हे त्याने विचारले असते तर मजपाशी उत्तर नव्हते. वाचून दाखविण्याचे तर काहीच कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर थांबलो. प्रश्न येताच, घोकून ठेवलेले “झोय” म्हणजे ‘झाले’, आवाज खाली उतरवीत म्हटले. बाई प्रसन्न हसल्या व भरभर पुढचे काही विचारू लागल्या. मला एक अक्षर कळले नाही. पण शेजारचे दुसरे स्टूल त्यांनी पुढे सरकवले होते, म्हणून मी बसलो.