लेन्ससाठी हैदराबाद

सोलापूरमार्गे धावणारी हुसेनसागर एक्सप्रेस नामपल्लीस पोहोचते. पुढे बंजारा हिल्सवर एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. ‘एक दूजे के लिए’च्या निर्मात्याने दिलेल्या जागेवर ती १९८७ साली उभी राहिली.

केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. आजार बळावला की चष्मा अपुरा पडतो. कडक किंवा स्क्लेरल लेन्स लागते. ती बसवणारा तज्ज्ञ गावोगावी नसतो, म्हणून हा प्रवास. निघण्यापूर्वी दूरध्वनी करून फेऱ्या किती लागतील आणि जुनी लेन्स किती दिवस आधी बंद ठेवावी, हे विचारावे.

तपासणीत कॉर्नियाचा नकाशा काढतात, मग चाचणीच्या लेन्स एकेक करून डोळ्यावर ठेवतात. स्क्लेरल लेन्स काही वेळाने अधिक खाली टेकते. त्यामुळे पुन्हा तपासणी होते. येथे घाई करणाऱ्या नातेवाइकाचा उपयोग नाही!

आजोबांचे हात थरथरत असतील तर सोबत्याने लेन्स घालणे-काढणे तिथेच शिकावे. तीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सलाइन भरतात, नळाचे पाणी कदापि नाही. लेन्स सहज काढता येईपर्यंत परतीचे तिकीट काढू नये.