शेजारच्या देशाची ऑनलाइन पदवी : ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे नेमकं काय?



एरवी मी तुमच्याशी बीपी, शुगर, थायरॉईड यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल. पण उद्या तुम्हाला तपासायला जो डॉक्टर समोर बसणार आहे, त्याच्याशी तो जोडलेला आहे. म्हणजे शेवटी तुमच्या तब्येतीशीच.

नीटचा निकाल लागला की माझ्या ओपीडीत दरवर्षी एक गोष्ट घडते. बीपी तपासून होतो, गोळ्या लिहून होतात, तरी पेशंट खुर्चीतून उठत नाही. पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक निघतं. “डॉक्टर, जरा नजर टाकता का? पोराचं बघतोय.” अलीकडे असंच एक पत्रक माझ्या एका जुन्या पेशंटने दाखवलं. त्यावर लिहिलं होतं : शेजारच्या देशातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची एमबीबीएस, पहिली दोन वर्षं घरबसल्या ऑनलाइन. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले. फंडाचे पैसे यात घालायची त्यांची तयारी झाली होती. ‘पोरगं दोन वर्षं डोळ्यांसमोर राहील, खर्चही वाचेल,’ असा त्यांचा साधा हिशेब होता.

मी त्यांना विचारलं, “मान्यताप्राप्त आहे, ठीक. पण मान्यता कोणाची आणि कशासाठी?”

हाच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

मान्यता एक नसते, तीन असतात

पहिली मान्यता विद्यापीठाची. त्या देशाच्या सरकारने ते विद्यापीठ अधिकृत धरलेलं असतं. एजंट बहुतेक वेळा हीच सांगतो आणि त्यात तो खोटं बोलत नसतो.

दुसरी मान्यता पदवीची, त्याच देशात. म्हणजे ती पदवी घेऊन तिथला विद्यार्थी तिथे दवाखाना उघडू शकतो का? त्याला परवाना मिळतो का?

तिसरी मान्यता आपल्याकडची. ती पदवी आणून तुमचा मुलगा महाराष्ट्रात पेशंट तपासू शकतो का?

पत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ हा एकच शब्द असतो, पण तुमचे पैसे तिसऱ्या मान्यतेवर लागलेले असतात. ती देण्याचा अधिकार ना त्या विद्यापीठाला असतो, ना एजंटला. डॉक्टरकीच्या बाबतीत तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे, म्हणजे एनएमसीकडे आहे. आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम स्पष्ट आहेत. परदेशातला अभ्यासक्रम कमीत कमी ५४ महिन्यांचा हवा. तो इंग्रजीत शिकवलेला हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळायला तो विद्यार्थी पात्र हवा. भारतात परतल्यावर परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय २०१८ पासून परदेशी जाण्याआधी नीट उत्तीर्ण असणं सक्तीचं आहे.

आणि नुसत्या ऑनलाइन शिक्षणाने झालेली वैद्यकीय पदवी आयोग मानत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाने चीनमधल्या प्रवेशांबाबत तशी जाहीर सूचनाच काढली होती. पुढच्याच महिन्यात यूजीसीनेही सांगितलं, की पूर्वपरवानगीशिवाय केवळ ऑनलाइन केलेल्या अशा पदव्या यूजीसी आणि एआयसीटीई मानत नाहीत. आपल्या देशातही वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी हे अभ्यासक्रम ऑनलाइन देता येत नाहीत. तेव्हा हा परदेशावरचा राग नाही. घरच्यालाही तोच नियम आहे.

हे एकदा घडून गेलं आहे

जानेवारी २०२० मध्ये चीनमध्ये शिकणारी आपली हजारो मुलं सुट्टीसाठी घरी आली आणि कोरोनामुळे इथेच अडकली. चीनने मार्चमध्ये सीमा बंद केल्या. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो थेट ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली अडीच वर्षं कॉलेज मोबाईलवर चाललं.

त्यातला एक मुलगा आमच्याच भागातला. २०१६ साली गेलेला, चौथ्या वर्षाला असताना परतलेला. बीजिंगचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिथला आठचा तास म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. घरात रेंज नाही म्हणून तो गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायचा, थंडीत अंगावर घोंगडी घेऊन. त्याने एकही तास बुडवला नाही, असं त्याची आई आजही सांगते आणि मला ते पटतं. जून २०२२ मध्ये त्याची पदवी पूर्ण झाली.

आता तिचं करायचं काय? असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २९ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की प्रत्यक्ष प्रशिक्षण न झालेल्यांची नोंदणी करायला आयोगाला भाग पाडता येणार नाही, मात्र या मुलांसाठी आयोगाने दोन महिन्यांत काही योजना करावी. त्यानुसार जुलैमध्ये आदेश निघाला. शेवटच्या वर्षात परतावं लागलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झालेल्यांना परीक्षेला बसता येईल, पण पास झाल्यावर इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची.

तो मुलगा वैतागला होता. “सर, आमची काय चूक? अजून एक वर्ष फुकट राबायचं?” चूक त्याची नव्हतीच. पण ते वर्ष का हवं होतं, ते त्याला पुस्तकातून नाही, एका पेशंटमुळे समजलं.

स्क्रीनमधून काय येत नाही

परीक्षेचा अभ्यास चालू असताना तो कधीकधी माझ्या ओपीडीत बसायला यायचा. एक दिवस थंडीतापाचा पेशंट आला. त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली होती. पेशंटची परवानगी घेऊन मी या मुलाला तपासायला सांगितलं. पानथरी वाढण्याची कारणं त्याने घडाघडा सांगितली : मलेरिया, टायफॉईड, यकृताचे आजार, रक्ताचे आजार. एकही राहिलं नाही. पण हाताला मात्र काही लागेना. तो बोटांच्या टोकांनी पोट दाबत होता, त्यामुळे पेशंटने पोट कडक केलं होतं.

मी त्याचा हात धरून पेशंटच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली ठेवला. हात सपाट ठेवायचा, गार असेल तर आधी चोळून गरम करायचा. पेशंटला म्हणायचं, मोठा श्वास घ्या. श्वास आत गेला की पानथरी खाली सरकते आणि तिची कड बोटांना येऊन लागते. नाही लागली तर हात थोडा डाव्या बरगडीकडे न्यायचा, पुन्हा श्वास. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला तो थबकला. “लागली सर!” त्या दोन शब्दांसाठीच ते जास्तीचं वर्ष होतं.

अशा कितीतरी गोष्टी आहेत. डायबेटिसच्या पेशंटची शुगर हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साठतं, तेव्हा त्याच्या श्वासाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास येऊ शकतो. तो वास कुठल्याही मोबाईलमधून येत नाही. शॉकमध्ये जाणाऱ्या माणसाचे तळहात गार आणि ओलसर लागतात. पायावरची सूज अंगठ्याने दाबली की खड्डा पडतो, तो भरायला किती वेळ लागतो हे स्वतः दाबून बघावं लागतं. आणि लाजऱ्या बाईला नेमकं काय होतंय, ते सासूला बाहेर बसवून कसं विचारायचं, हे तर वॉर्डातच शिकावं लागतं.

इथे भाषेचाही मुद्दा येतो. वर्गात इंग्रजी चालतं, पण चीनमधल्या वॉर्डातला पेशंट चिनीच बोलतो. ती भाषा आली नाही, तर तिथे प्रत्यक्ष राहूनही हा भाग कच्चा राहतो. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने २०२२ मध्ये दिलेला आकडा बघा : २०१५ ते २०२१ मध्ये चीनमधून शिकलेले ४०,४१७ जण भारतातल्या परीक्षेला बसले, त्यांतले ६,३८७ पास झाले. शंभरात साधारण सोळा. यातली बहुतेक वर्षं ऑनलाइन वर्ग सुरू होण्याआधीची आहेत.

आणखी एक लक्षात घ्या. या परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात, पास व्हायला १५० गुण लागतात. ती हात तपासत नाही. म्हणून इंटर्नशिप महत्त्वाची.

मग ऑनलाइन सगळं वाईट का?

अजिबात नाही. औषधशास्त्र, जीवरसायनशास्त्र, ईसीजी वाचणं, एक्स-रे बघणं हे पडद्यावर उत्तम शिकता येतं. मी स्वतः या वयात रात्री जेवल्यावर ऑनलाइन व्याख्यानं ऐकतो आणि त्यातलं दुसऱ्या दिवशी ओपीडीत वापरतो. पण मी ते ऐकतो तेव्हा माझ्या हाताला जुनी सवय असते. सवयच नसलेल्या हाताला नुसतं ऐकून ती लागत नाही.

पैसे भरण्याआधी काय कराल?

१. एनएमसीच्या वेबसाइटवरचे २०२१ चे नियम स्वतः वाचा. एजंटने दिलेली झेरॉक्स पुरेशी नाही.

२. त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या सूचना बघा.

३. विद्यापीठाला लेखी विचारा : पूर्ण ५४ महिने प्रत्यक्ष वर्ग आहेत का? इंटर्नशिप तिथेच होते का? भारतीय विद्यार्थ्याला त्या देशात परवाना मिळू शकतो का?

४. “काही महिने ऑनलाइन, नंतर बघू” असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

५. नेपाळ, बांगलादेशातले आजार आपल्यासारखे असल्याने शिकायला फायदा होतो, पण वरचे प्रश्न तिथेही तेच. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातल्या अशांततेमुळे आपल्या अनेक मुलांना घाईने परतावं लागलं होतं. अशा खंडाची भरपाई प्रत्यक्ष वर्गात कशी होणार, हेही विचारून ठेवा.

आणि पेशंट म्हणून?

परदेशात शिकलेला डॉक्टर म्हणजे कमी प्रतीचा, असं कृपा करून समजू नका. ज्याने परीक्षा पास केली, इथल्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळ्या करून इंटर्नशिप पूर्ण केली आणि ज्याची कौन्सिलकडे नोंदणी झाली, तो माझ्याइतकाच डॉक्टर आहे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का, एवढं बघा. तो विचारण्यात संकोच नको. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

त्या मुलाची दोन वर्षांची इंटर्नशिप पूर्ण झाली आहे. आता तो एका ग्रामीण रुग्णालयात काम करतो.

फंडाच्या पैशांचा निर्णय त्या गृहस्थांनी अजून घेतलेला नाही. मुलगा पुन्हा नीट देईन म्हणतो, वडील बीएस्सी नर्सिंगचीही चौकशी करतायत. दोन्ही रस्ते चांगले आहेत. एक वर्ष गेलं तर वर्षच जातं. चुकीच्या पदवीत सहा वर्षं आणि आयुष्याची पुंजी जाते. तेव्हा घाई करू नका, आणि पत्रक दाखवायचं असेल तर पैसे भरण्याआधी दाखवा.

काळजी घ्या.