अनुभवाचे गुण

परवां आमच्या हातून चार घोडेस्वार फुकट मेले. हें वाचून वाचकांनीं दचकूं नये. आमचा पेशा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा असून घोड्याशीं आमचा संबंध आजवर फक्त बुद्धिबळाच्या पटावरच आला आहे. हे घोडेस्वार संगणकाच्या पडद्यावरचे होते, आणि ते मेले ते आमच्या भाच्याच्या भालाइतांपुढें. भाचा सोळा वर्षांचा आहे. कॉलेजच्या शिक्षणासाठीं तो आमच्याकडे राहावयास आला आहे, आणि आल्यापासून आपल्या मामाला चार गोष्टी शिकवाव्या अशी त्याला मनापासून तळमळ लागली आहे.

खेळाचें नांव ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. डेव्हिड व्हाइट नांवाच्या गृहस्थानें तो २००३ सालीं प्रसिद्ध केला; तेव्हांपासून देशोदेशींचे हौशी लोक त्यांत भर घालीत आले असून तो कोणासहि विनामूल्य मिळतो. वेस्नॉथ हें एक कल्पित राज्य. तेथें माणसें आहेत, आपल्या यक्षांचे दूरचे नातलग शोभावे असे रानांत राहणारे एल्फ आहेत, डोंगर पोखरणारे ठेंगू आहेत, ऑर्क नांवाचे दांडगे राक्षस आहेत, आणि मेलेलेहि आहेत. पट मधमाशांच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा. एकानें आपलीं सर्व माणसें हालवावीं, मग दुसऱ्यानें. येथपर्यंत बुद्धिबळावर वाढलेल्या मनाला कांहीं अडचण नाहीं. पण बुद्धिबळांत उंट प्याद्याच्या घरांत गेला कीं प्यादें मेलें. येथें वार लागेल कीं चुकेल हें दैवाधीन, आणि दैव किती अनुकूल हें मार खाणारा कोठें उभा आहे त्यावर अवलंबून. उथळ पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाला सरासरीनें दहांपैकीं आठ वार लागतात; तोच मनुष्य गढीच्या आश्रयाला असला तर चारच.

“मामा, तुम्ही माणसं बघतां, जमीन बघत नाहीं,” हें भाच्याचें आमच्याविषयींचें पहिलें मत. तें त्यानें अजून बदललेलें नाहीं.

घोडेस्वारांची हकीगत अशी. आरंभीं आम्हां दोघांपाशीं शंभर-शंभर मोहरा होत्या, आणि त्यांतून गढींत बसून सैन्य भरती करावयाचें होतें. आम्हीं यादी वाचली. भालाईत चौदा मोहरांस, घोडेस्वार तेवीस मोहरांस. जें महाग तें चांगलें, ही भाजीबाजारांत सुद्धां न टिकणारी समजूत आम्हीं रणांगणावर नेली, आणि ब्याण्णव मोहरांचे चार घोडेस्वार घेऊन आठ मोहरा गांठीला ठेवल्या. भाच्यानें सात भालाईत घेतले. घोडेस्वाराच्या अंगीं एक विलक्षण गुण आहे. तो चाल करून जातो तेव्हां त्याचा घाव दुप्पट बसतो. त्याच ओळींत पुढें लिहिलें होतें कीं त्याला बसणारा घावहि दुप्पट होतो. तें आम्हीं वाचलें होतें; पण परीक्षेच्या मांडवांत विद्यार्थी प्रश्नाचा उत्तरार्ध वाचतो तसें वाचलें होतें. उलट भालाइताचा गुण असा कीं आपण होऊन कोणी अंगावर आला तरी पहिला वार त्याचा. शिवाय भाल्याची जखम घोड्याला अधिक बाधते. भालाइताच्या वाट्याला तीन वार असतात. ते तिन्ही लागले तर धडधाकट घोडेस्वार त्या एका चालींतच संपतो. आमचे दोन असेच संपले. उरलेले दोन, झाल्या प्रकाराचा सूड घेण्याच्या आमच्या उत्साहांत संपले.

दुसऱ्या दिवशीं पक्ष बदलले. आम्हीं मेलेल्यांचें सैन्य घेतलें, आणि भाच्यानें एकच घोडेस्वार घेऊन तो आमच्या एका मांत्रिकावर सोडला. या मांत्रिकापाशीं दुरून मारण्याचे मंत्र मोठे जबर आहेत, पण हातघाईचें शस्त्र मुळींच नाहीं; त्यामुळें घोडा अंगावर आला म्हणजे त्यानें नुसतें पाहात राहावयाचें. आमच्या मांत्रिकानें तसें पाहिलें. घोडेस्वाराच्या अंगाला ओरखडाहि उठला नाहीं. म्हणजे घोडेस्वार वाईट नव्हता. आदल्या दिवशीं त्याला आम्हीं चुकीच्या दारीं पाठविलें होतें.

जमिनीच्या जोडीला वेळ. वेस्नॉथमधील अहोरात्राचे सहा भाग आहेत: पहांट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांसारख्या मर्यादशील लोकांचा घाव दिवसा चतुर्थांशानें वाढतो आणि रात्रीं तितकाच घटतो. ऑर्क आणि मेलेले यांचें नेमकें उलट. महाभारताच्या वाचकाला हें समजावून सांगावयास नको. घटोत्कचाचें बळ रात्रीं वाढलें म्हणून तर द्रोणपर्वांतल्या त्या रात्रीच्या युद्धांत कर्णाला अर्जुनासाठीं राखलेली शक्ति त्याच्यावर खर्चावी लागली. नवशिक्याला हें सारें ठाऊक असतें, आणि तरीहि सांज झाली असतां त्याला पुढेंच जावेंसें वाटतें. समोरचा ऑर्क अर्धमेला आहे, आणखी एक वार, एवढाच. मग अंधार पडतो. ‘एअर टु द थ्रोन’ नांवाची या खेळांतली जी प्रसिद्ध मोहीम आहे तिच्या पहिल्याच लढाईंत एल्फांच्या रानाला ऑर्कांचा वेढा पडलेला असतो, आणि कॉनरॅड नांवाच्या तरुण नायकाला वायव्येच्या एका खुणेपर्यंत सुखरूप पोंचविणें एवढेंच काम असतें. पळून जाणें हाच तेथें जय. आम्ही तीन वेळां लढलों आणि तिन्ही वेळां कॉनरॅड मेला. चौथ्या खेपेस पळालों.

विलक्षण सैनिक या खेळांत पुष्कळ आहेत, आणि खरें सांगावयाचें तर आमचें मन रमलें तें त्यांच्यांतच. वोझ म्हणून एक चालतें झाड आहे. मॅकबेथवर चालून आलेलें बिर्नमचें अरण्य म्हणजे शेवटीं फांद्या हातांत घेतलेले शिपाई. येथें खरोखरीच झाड चालून येतें. रानांत शिरलें कीं तें शत्रूला दिसत नाहीं, त्याच्या जखमा डावागणिक आपोआप भरून येतात, बाणांची त्याला फारशी पर्वा नसते. मात्र आगीपुढें तें गवतासारखें पेटतें. दुसरें एक चालतें प्रेत. किंमत आठ मोहरा. याच्याइतका दुबळा गडी साऱ्या पटावर नाहीं. त्याच्या शेजारून शत्रू खुशाल निघून जातो. पण त्यानें ज्याला मारलें तो, गांवाच्या घरावर उभा नसेल किंवा आधींच मेलेल्यांपैकीं नसेल तर, प्रेत होऊन त्याच्याच बाजूनें उठतो. अशापुढें आपला घायाळ गडी ठेवणें म्हणजे शत्रूची भरती आपल्या खर्चानें करून देणें होय. आम्हीं ती दोनदां करून दिली.

या सर्वांत ज्या एका आकृतीकडे आम्हीं कधीं लक्ष दिलें नाहीं ती एल्फांची वैदूबाई. खेळांत तिला शामन म्हणतात. तिचा घाव तीनाचा, आणि तसे दोन. भालाईत सातांचे तीन मारतो हें लक्षांत घेतां, हिला सैन्यांत कां घ्यावें असाच प्रश्न पडतो. ती शत्रूवर वेली टाकते. त्यांत गुंतलेल्याचा घाव आणि चाल त्याचा पुढचा डाव संपेपर्यंत निम्म्यावर येते. आणि तिच्या शेजारच्या घरांत जे कोणी आपले जखमी असतील त्यांची प्रकृति ती डावागणिक थोडीथोडी भरून काढते. विष अंगांत भिनलेलें असेल तर तें पुढें चढूं देत नाहीं. भाच्याच्या रांगेमागें अशा दोघीजणी नेहमीं उभ्या असत. त्याची रांग मोडत नसे. आमची मोडे.

अखेर आम्हींहि एक घेतली. पांच-सहा डाव ती आमच्या योद्ध्यांच्या मागें उभी राहिली, आणि ते टिकले. त्यांतल्या एकाला बढती मिळून तो नायक झाला. वैदूबाई होती तेथेंच. आम्हीं भाच्याला याचें कारण विचारलें.

“मामा, अनुभवाचे गुण लढण्याचे मिळतात. पहिल्या पायरीच्या शत्रूशीं नुसतं लढलं तर एक, त्याला मारलं तर आठ. बरं करण्याचे कांहीं मिळत नाहींत.”

“कांहींच नाहींत?”

“नाहीं. म्हणून तर तिला आपण होऊन द्यावे लागतात. शत्रू मरायला टेकला कीं मोठ्यांनीं हात आवरायचा, आणि शेवटचा वार तिला करूं द्यायचा. नाहीं तर ती जन्मभर तिथंच.”

भाचा निजावयास गेला. आम्ही पडद्यासमोर बसून राहिलों.

आमच्या विभागांत एक बाई तासिका-तत्त्वावर नऊ वर्षें शिकवीत होत्या. इंग्रजीचें नांव काढतांच ज्यांच्या कपाळाला घाम फुटतो अशीं खेड्यांतून आलेलीं मुलें त्यांच्याकडे जात. आमच्या स्वतःच्या वर्गांतलीं मुलें आमचें व्याख्यान संपल्यावर त्यांच्याकडे जाऊन तें समजून घेत, हेंहि आम्हांला ठाऊक होतें, आणि त्याचा आम्हांला थोडा रागच येई. मग कायमची जागा निघाली. निवडीच्या वेळीं समोर एक तक्ता होता. दुसऱ्या उमेदवाराचे शोधनिबंध चौदा, बाईंचे दोन. मुलें तगविल्याबद्दल त्या तक्त्यांत रकाना नव्हता. विभागप्रमुख म्हणून आमचें मत विचारण्यांत आलें. आम्हीं म्हटलें, “तक्त्यावरून स्पष्टच आहे.” तें स्पष्ट होतेंच; आम्हीं खोटें बोललों नाहीं.

पण त्या नऊ वर्षांत निबंध लिहिण्याचीं, परिसंवादांत बोलण्याचीं निमंत्रणें विभागाला येत होतीं. आमची प्राध्यापकी केव्हांच कायम झालेली होती; आणखी एका निबंधाचा आम्हांला काडीचा उपयोग नव्हता. तीं सारीं आम्हीं स्वतःकडे ठेवलीं. लिहावयास सवड मिळत असे, कारण आमचीं मुलें बाई पाहात होत्या. जून महिन्यांत त्या दुसऱ्या गांवीं एका शाळेंत गेल्या. निरोपाचें भाषण आम्हींच केलें, आणि तें चांगलें झालें असें सर्वांचें मत पडलें.

काल रात्रीं मोहिमेंतली पुढची एक लढाई चालली होती. एक ऑर्क अगदीं मरावयास टेकलेला, आणि कॉनरॅड त्याच्या शेजारींच तलवार घेऊन उभा. आम्हीं कॉनरॅडला तसाच ठेवला आणि मागच्या रांगेंतून वैदूबाईला पुढें आणलें. तिनें पहिली वेल टाकली, चुकली. दुसरीहि चुकली.

“मामा, आतां कॉनरॅडनं संपवा त्याला,” भाचा म्हणाला. “पुढच्या डावांत अंधार पडेल.”

आम्हीं त्याला थांबावयास सांगितलें, आणि डाव संपविला.