पुरणाच्या डोक्याचा वीर

जपानी करमणुकींत जो अनिवार उत्साह ओसंडत असतो त्याविषयीं आपल्या सुशिक्षित मंडळींचें मत फारसें चांगलें नाहीं. मुलें हिंदींत बोलणारा डोरेमॉन पाहत बसलीं कीं वडील माणसें "काय हा पोरकटपणा!" म्हणून मोकळीं होतात. आम्हां इंग्रजीच्या प्राध्यापकांत तर हॅम्लेट आणि लिअर शिकवितां शिकवितां दुःख तेवढें खोल व आनंद तेवढा उथळ असें मानण्याची रीतच पडून गेली आहे. मला ती कधीं पटली नाहीं; जपानकडे पाहतांना तर ती अगदींच पोकळ वाटते.

शिझुको कासागी या गायिकेचेंच उदाहरण घ्या. १९४७ च्या मे महिन्यांत तिचा वाग्दत्त वर क्षयानें वारला आणि थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली. त्याच वर्षीं तिनें 'टोकिओ बूगी-वूगी' हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. १९४८ च्या जानेवारींत त्याची तबकडी बाजारांत आली. बाँबफेकीनें बेचिराख झालेल्या शहरांत तें जिकडे तिकडे ऐकूं येऊं लागलें. हिला दुःख ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल?

पण माझें मन विशेष रमतें तें आनपानमान या बालवीराच्या ठायीं. 'आन' म्हणजे कडधान्याचें गोड पुरण, 'पान' म्हणजे पाव. जपानी 'पान' आणि आपला 'पाव' हीं एकाच पोर्तुगीज शब्दाचीं लेकरें. भावंडें कोठल्या कोठें जाऊन पडलीं पाहा! या वीराचें डोकें म्हणजेच पुरण भरलेला पाव. कोणी भुकेला दिसला कीं स्वारी डोक्याचा तुकडा मोडून त्याला देते. त्यासरशी तिची शक्ति ओसरते. मग पाववाले काका नवें डोकें भाजून देतात, आणि स्वारी पुन्हां आकाशांत!

त्याचे जनक ताकाशी यानासे दुसऱ्या महायुद्धांत चीनमध्यें सैनिक होते. तेथें त्यांनीं उपासमार सोसली. आरमारांत गेलेला धाकटा भाऊ परत आलाच नाहीं. जें युद्ध न्यायाचें म्हणून सांगितलें होतें तें पराभवानंतर पाहतां पाहतां अन्यायाचें ठरलें. न्यायाची व्याख्या राजवटीबरोबर पालटते, भुकेल्याला घास देणें मात्र कोणत्याहि राजवटींत चांगलेंच, असें यानासे यांना त्यानंतर वाटूं लागलें. १९८८ सालीं आनपानमानाची मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हां ते ६९ वर्षांचे होते. तिचें शीर्षकगीत त्यांनींच लिहिलें. चाल कवायतीची, पाय आपटीत गाण्याजोगी. शब्द मात्र चार वर्षांच्या मुलाला जन्माचें प्रयोजन विचारणारे! २०११ च्या मार्चमधील भूकंप व त्सुनामीनंतर रेडिओकडे याच गीताची मागणी येऊं लागली.

एक आक्षेप मात्र मला टाळतां येत नाहीं. या देशानें हुकमी उत्साहहि पुष्कळ पाहिला आहे. १९४५ च्या एप्रिलमध्यें, पराभव दाराशीं आला असतां, आरमार खात्यानें करवून घेतलेला मोमोतारोचा व्यंगचित्रपट तेथें दाखविण्यांत आला. त्यांत गोजिरवाणीं जनावरें सैनिक होऊन हंसत, गात लढाईला निघतात. तेंहि हास्य मुलांसाठींच होतें. आजहि 'गांबारे', म्हणजे नेट धर, हा शब्द थकल्याभागल्या माणसाच्या पाठीवर चाबकासारखा बसूं शकतो. मग दोन्ही हास्यें एकच काय? मला तसें वाटत नाहीं. मोमोतारोच्या सैनिकांना दुसऱ्याचा प्राण हवा असतो. आनपानमान स्वतःचें डोकें देतो, आणि देऊन अशक्त होतो, हें चित्रकार लपवीत नाहीं. १९७३ च्या पहिल्या चित्रपुस्तकांत तर तो सगळें डोकें देऊन टाकतो आणि नुसत्या धडानिशीं उडत पाववाल्याकडे जाऊन पडतो. तें पाहून मोठ्या माणसांनीं क्रूर, क्रूर म्हणून नाकें मुरडलीं. मुलांना त्यांत भिण्यासारखें कांहींच दिसलें नाहीं. त्यांनीं पुस्तक पुन्हां पहिल्या पानापासून उघडलें.