सहाचा हिशेब

मार्च 2010. अमेरिकेतून भाईजानचा फोन आला. भाईजान म्हणजे आमच्या खालांचा मुलगा, अलाबामातल्या हंट्सव्हिल गावी नोकरीला. "आमचं विद्यापीठ हरलं, पण मायामीसारख्या बलाढ्य संघाकडून फक्त 2-1 ने!" हॉकी तीही बर्फावरची. मला आपली धुळीतलीच ठाऊक. हरल्याचा एवढा आनंद कसला, असं मी विचारलं, तेव्हा त्याने सगळा मामला समजावला.

राष्ट्रीय स्पर्धेत संघ सोळा. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. गट जिंकला की थेट प्रवेश, उरलेल्या जागा गुणवारीने. गुणवारीच्या यादीत शेवटच्या बाकावरच्यांना जागा नसते, हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको. हंट्सव्हिल त्या मोसमात 12 सामने जिंकून 17 हरलं होतं, तरी गटाचं विजेतेपद पटकावून आत शिरलं. आदल्या वर्षी त्याच गटातलं बेमिजी स्टेट तर याच दारातून थेट उपांत्य फेरीत पोचलं होतं.

पण असा थेट प्रवेश टिकवायला गटात सहा सदस्य हवेत. यांच्या गटात घटत घटत चारच उरले, आणि 2010 मध्ये गट मोडला. बेमिजीसह तिघांना दुसरीकडे आसरा मिळाला. हंट्सव्हिलचा अर्ज एका गटाने आधीच फेटाळला होता. संघ राहिला, दार गेलं. 2011 मध्ये विद्यापीठाने संघ बंद करायची घोषणाच केली; लोकांनी पैसे उभे केले म्हणून तो वाचला.

तिकडे पेन स्टेटला एका धनिकाने 8 कोटी 80 लाख डॉलर दिले. तिथे नवा संघ उभा राहिला आणि बिग टेनचा सहाचा हिशेब जुळला. मिशिगन, मिनेसोटासारखे दिग्गज 2013 मध्ये आपापले जुने गट सोडून त्यात गेले. आठ विद्यापीठांनी आणखी एक गट काढला. या उलथापालथीत डब्ल्यूसीएचए हा जुना गट इतका रोडावला, की त्याला हंट्सव्हिल चालू लागलं! मोठ्यांच्या घरफोडीत गरिबाला ओसरी मिळते, ती अशी. तिथे बेमिजी पुन्हा भेटलं. भाईजानने त्या दिवशी मिठाई वाटली म्हणे.

2019 मध्ये सात विद्यापीठांनी तो गटही सोडायचं जाहीर केलं. प्रवास फार, खर्च फार. मागे राहिले कोण? अलास्कातले दोन आणि हंट्सव्हिल. तिघांत सहा कसे होणार? त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. विमानाचं भाडं त्यांनाच भरायचं होतं. 2020 मध्ये पुन्हा वर्गणी झाली, काही दिवसांत पाच लाख डॉलरहून अधिक जमले. पण पैसे गोळा करता येतात, गट कुठून आणायचा? 2021 मध्ये हंट्सव्हिलने संघ थांबवला.

बाहेर पडलेल्या सातांत बेमिजीही होतं. भाईजान अजून अलास्काची चौकशी करतो. बेमिजीचं नाव काढत नाही.